चारच्या जागी दोन ठोके

नुन्झियातो थंडीत गेला. आता परसात शेंगा भरल्या होत्या, तरी एर्मेलिंदा एकदाही धड रडली नव्हती. पायाला मुंग्या आल्या की पाय असतो पण आपला नसतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. शेंगा तोडायच्या, सोलायच्या, आल्यागेल्याला कॉफी द्यायची. हात आपले करत होते, ती नुसती बघत होती.

रेडिओवर काळं फडकं टाकलेलं होतं. नवरा गेला की वर्षभर घरात गाणं नाही, आणि बाईच्या तोंडी तर नाहीच नाही, हा त्यांच्या इटलीतल्या डोंगरातल्या गावाचा नियम. मेलबर्नला येऊन साठ वर्षं झाली, पण नियम बोटीतून बरोबर आला होता, आणि त्याच्यावर पहारा द्यायला नणंद विन्चेन्झा कुंपणापलीकडेच राहत होती.

"त्याचं अकॉर्डियन अजून शाळेतच ना?" विन्चेन्झा म्हणाली. "गेलेल्या माणसाची वस्तू परक्याच्या कपाटात बरी दिसत नाही. घेऊन ये."

"आणते, वन्सं."

"आणि पोरं गात असली तर बाहेर थांब."

"कान घरी ठेवून जाते," एर्मेलिंदा म्हणाली, आणि काळे मोजे चढवून निघाली.

वीटभट्टीतून निवृत्त झाल्यावर नुन्झियातो दर गुरुवारी कोपऱ्यावरच्या प्राथमिक शाळेत इटालियन शिकवायचा. स्वतःची शाळा तिसरीत सुटलेली, म्हणून व्याकरणाच्या वाटेला तो गेलाच नाही. गाणी शिकवायचा. पोरं लेबनॉनची, व्हिएतनामची, सुदानची. इटालियन घरातलं औषधालासुद्धा नाही. पण सगळी त्याला नॉन्नो म्हणायची, म्हणजे आजोबा, आणि ती कधी डबा द्यायला गेली तर तिला नॉन्ना.

संगीताच्या बाई, मिस हॅलोरन, दारातच भेटल्या.

"नॉन्ना, बरं झालं आलात. विचारायचंच होतं. या सत्रानंतर इटालियनचा तास बंद करतायत. शिकवायला माणूस नाही. तुम्ही याल का?"

"मला गाता येणार नाही. वर्षभर."

"मग तो तास कॉम्प्युटरला जाईल."

"बरं," एर्मेलिंदा म्हणाली. तिला काहीच वाटलं नाही. वाटलं नाही याचंसुद्धा काही वाटलं नाही.

अकॉर्डियन वर्गातल्या कपाटात होतं. तिनं पट्टा खांद्यावर घेतला तेवढ्यात पुढच्या बाकावरची आचोल उठली. सुदानी पोर, समोरचे दोन दात पडलेले.

"नॉन्ना, चार असतो का?"

"काय?"

मिस हॅलोरन हसल्या. "ते कोंबडीचं गाणं. कोंबडी अंडी मोजते, एक ते पाच. ही पोरं चार म्हणतच नाहीत. पियानोवर आठवडाभर घोकून घेतलं. कॅन्टीनमध्ये संत्री मोजतानासुद्धा तेच करतात. तुम्ही तरी सांगा."

एर्मेलिंदाला सगळं ठाऊक होतं. अकॉर्डियनची एक पट्टी बोटीतच मुकी झाली होती. "दुरुस्तीला टाकलं तर तोवर मी काय वाजवू?" असं तो साठ वर्षं म्हणत आला. या गाण्यातला चार नेमका त्याच पट्टीवर यायचा. त्या जागी सूर नाही, मग शब्द कशावर ठेवायचा, म्हणून शब्दही गिळायचा आणि बुटाचे दोन ठोके द्यायचा.

"असतो चार," ती म्हणाली. "तुमच्या नॉन्नोच्या बाजात नव्हता."

"मग आम्ही बरोबर," आचोल म्हणाली आणि खाली बसली.

मिस हॅलोरननी पियानोवर सूर धरला. पोरं गाऊ लागली. ऊनो, दुए, त्रे, आणि बावीस पोरांचे बूट एकदम लाकडी जमिनीवर पडले. ठक ठक. चिंक्वे.

दुसऱ्या कडव्यात परत तसंच. तिसऱ्यात एर्मेलिंदानं खाली पाहिलं. तिचा काळा बूटही पडला होता. तिनं पाडला नव्हता. पाय आधी पडला आणि कळलं मागून. टाचेत मुंग्या आल्या. बधिर पाय जागा होताना येतात तशा, सुखाच्या नव्हेत. गाणं संपेपर्यंत ती पट्टा घट्ट धरून उभी राहिली. तोंड मिटलेलंच होतं.

मग तिनं अकॉर्डियन परत कपाटात ठेवलं.

"गुरुवारी येईन," ती म्हणाली. "गाणार नाही. शब्द बोलून दाखवीन आणि ठेका धरीन. चालेल?"

"पळेल," मिस हॅलोरन म्हणाल्या. "पण मग त्यांना चार कोण शिकवणार?"

"शिकवू. दुसऱ्या गाण्यात."

कुंपणाशी विन्चेन्झा उभीच होती. "बाजा कुठाय?"

"जड होता."

"पोरं गात होती?"

"होती."

"आणि तू?"

"माझं तोंड मिटलेलं होतं, वन्सं. पायाचं काही नियमात नाही."

विन्चेन्झानं तिच्या बुटाकडे बराच वेळ पाहिलं. "तो लहानपणीसुद्धा असाच जमीन बडवायचा," ती म्हणाली. "आई ओरडायची."

एर्मेलिंदानं शेंगांची टोपली पुढे ओढली. दोघी सोलायला बसल्या.