कानांनी खेळणारा शेजारी

पुण्यात व्हिडिओ गेम कानांनी खेळणारा एकच माणूस आहे आणि तो बिबवेवाडीत बरोबर आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतो. बाकीचे लोक राक्षस मारतात; हा आधी त्यांचे उच्चार तपासतो. एकदा मला मुद्दाम वर बोलावून त्यानं गेममधल्या एका सम्राटाचं भाषण ऐकवलं. "काका, हा जग जिंकायला निघालाय की सोसायटीची वार्षिक सभा सुरू करतोय?" समोर खजिना उघडा पडला होता, पण सम्राटाचा सूर पटेना म्हणून यानं खेळच बंद केला. यमदूतानं ओरडू नये, असंही त्याचं मत आहे. "हळू आवाजात 'आपण कोण?' एवढंच विचारावं. माणूस जागीच गार होतो. मी पुण्यात नवीन होतो तेव्हाचा अनुभव आहे."

तो आला अमरावतीकडच्या एका खेड्यातून, कॉलेजसाठी. पहिल्याच दिवशी "मले" म्हणाला आणि वर्ग हसला. मग त्यानं आपली बोली अशी घासून काढली की आज आमच्या इमारतीत सगळ्यांत शुद्ध मराठी त्याचंच. पाण्याचा टँकर आला नाही, तरी तो व्याख्यानाला उभा राहिल्यासारखा भांडतो.

अलीकडे त्याच्या एका मित्रानं मराठी गेम तयार केला. त्यात संत्र्यांच्या बागेचा म्हातारा वऱ्हाडी राखणदार होता. "हा आवाज माझाच," म्हणत यानं जिन्यात तालमी केल्या, आम्ही सहन केल्या. गेम आला. पुण्याच्या खेळाडूंनी प्रतिक्रियांत लिहिलं, "अस्सल वऱ्हाडी!" आणि अमरावतीच्या कोणीतरी लिहिलं, "आवाज मस्त हाय, पन हा मानूस पुन्याचा दिसते. नक्कल करून रायला."

ते मला वाचून दाखवताना तो हसला. मग गावी थोरल्या बहिणीला त्यानं तो भाग पाठवला. आई गेल्यापासून तिकडचं माणूस म्हणून त्याला तीच एक उरली आहे. तिचा फोन आला. "आवाज तुयाच हाय बाबू," ती म्हणाली, "पन बोलून कोन रायला?"

मित्र पुन्हा रेकॉर्डिंग करायला तयार आहे. हाच थांब म्हणतो. रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन बहिणीला फोनवर बोलती ठेवतो. मांजर व्याली, नळ आला नाही, शेजारणीनं ताक मागितलं, काहीही चालतं. तिची वाक्यं तो मागून पुटपुटत असतो. परवा मी वाळलेले कपडे काढायला गेलो, तर फोन चालू ठेवूनच त्यानं मला राखणदार ऐकवला. "कोन हाय बे तिकडं? संत्रं तोडून रायला काय?"

"अगदी अस्सल," मी म्हणालो.

"तुम्हाला वाटणारच."

इतकं नेमकं पुणेरी उत्तर मलाही सुचलं नसतं. ते त्याच्याही लक्षात आलं असावं. तो कठड्याकडे वळला आणि फोनमध्ये हळूच म्हणाला, "ताई, एकदा अजून बोल न वं."

ते जमलं की नाही, हे मला कळायचा प्रश्नच नव्हता. फोनमधून ताईचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू आला, "हा, आता तू बोलून रायला."