बटण माणसाच्या हातात

लोटे इथल्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत मी शिफ्ट इनचार्ज होतो. खेडहून कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा मोजमापाची उपकरणं सांभाळणाऱ्या इन्स्ट्रुमेंट खात्यातला होता, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि डोकं असं की हेवा वाटावा. नव्या सहस्रकाची दोनतीन वर्षं झाली होती. खेडात इंटरनेटचं दुकान निघालं होतं, आणि हा तिथून परदेशातल्या कुणाकुणाचे लेख छापून आणायचा. एक दिवस माणसाहून हुशार यंत्र तयार होईल. ते आपल्याशी वैर करणार नाही, पण सांगितलेलं काम पुरं करण्याच्या नादात आपलाच निकाल लावील, असं त्यांत होतं. मी त्याची यथेच्छ टिंगल करी. दोन हजार साल लागताच संगणक कोलमडून, वाय-टू-केला, जग बुडणार होतं, ते बुडालं का, असं विचारी. तोही हसायचा.

मग एका रविवारी त्याची बायको आमच्याकडे आली. लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नको, असं त्यानं तिला सांगून टाकलं होतं. जगाचं पुढं काय होणार ते दिसत असताना त्यात कुणाला आणायचा आपल्याला हक्क नाही, म्हणे. ती रडली नाही, पण चहाला तिनं हात लावला नाही.

"भावोजी, हे फक्त तुमचं ऐकतात. एवढं पटवून द्या त्यांना."

मी छातीठोकपणे हो म्हटलं. वादात मी कुणाला हार जात नाही, अशी माझी घमेंड होती.

सोमवारी बस खेडबाहेर पडताच मी सुरुवात केली. यंत्र कितीही हुशार होवो, बंद करायचं बटण माणसाच्याच हातात राहणार. धोका दिसला की माणूस ते दाबणार, इतका काही तो मूर्ख नाही. यंत्र आपल्याला फसवील, ते दाबूच देणार नाही, हे त्याचं नेहमीचं उत्तर मला पाठ होतं. त्या दिवशी त्यानं ते दिलंच नाही.

"ते राहू द्या, दादा," तो म्हणाला. "तुमच्या रिअ‍ॅक्टरची ट्रिप कधीपासून बायपास आहे?"

ट्रिप म्हणजे आतल्या रसायनाचं तापमान हद्दीबाहेर गेलं की त्याला तापवणारी वाफ आपोआप बंद करणारी सोय. सेन्सर बिघडल्यामुळे ती कारण नसताना लागायची आणि माल अडायचा, म्हणून दोन दिवसांपुरती मी त्यालाच वायर जोडून ती बायपास करायला लावली होती. त्याला सहा महिने झाले होते.

"बटण आपणच निकामी केलं, आणि आपल्याला तर कुणी फसवलंही नव्हतं," तो म्हणाला.

कंपनीत पोचताच मी हट्टानं बायपास काढायला लावला. माणूस शहाणा असतो हे मला त्याला दाखवायचंच होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत रिअ‍ॅक्टर दोनदा बंद पडला. साहेबांचा फोन आला. सेन्सर मुंबईहून येईल तेव्हा येईल, माल आज गेला पाहिजे. मी "होय साहेब" म्हणालो आणि त्याला बोलावलं. त्यानं पेटीतून वायर काढून माझ्यापुढे धरली. ती मी माझ्या हातानं जोडली. मला माणसांचीच किळस आली, सगळ्यांत आधी माझी.

संध्याकाळी खेडला बसमधून उतरलो तर त्याची बायको भाजीची पिशवी घेऊन उभी होती. नवरा अजून मागे, बसच्या पायरीवर होता. तिनं आशेनं माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी," मी म्हणालो, "त्याचं चुकत नाही."