हेपचं गाव

सोलापूर सोडलं तेव्हा बॅगेत कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणी होती, आणि मनात एकच काम होतं: दादाला घेऊन यायचं. दादा माझा थोरला भाऊ. वैरागला शिकला, डॉक्टर झाला, इंग्लंडला गेला आणि तिथंच लग्न केलं. गेल्या वर्षी जीनवहिनी वारल्या. आता समुद्र किनारा खात त्याच्या घरापाशी आला होता. घर पाडायचं ठरलं होतं.

नॉरिचहून पुढे बस बदलत गेले. शेवटच्या बसमध्ये ड्रायव्हरला दादाच्या गावाचं नाव सांगितलं, "हॅपिसबर्ग." त्याला कळेना. पुन्हा म्हटलं, मग मोबाइलवर अक्षरं दाखवली. मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, "हेझब्रा म्हणायचंय हो त्यांना!" बसमधले हसले. मला मात्र उगाच परकं वाटलं.

दादा थांब्यावर उभा होता. किती वाळला होता! बसमधली गंमत सांगितली तर म्हणाला, "हितं कुणी लिवलंय तसं म्हणत न्हाय, सुमे."

वाटेत त्यानं नावाची गोष्ट सांगितली. हेप नावाचा कुणी माणूस होता, त्याचा 'बुर्ह' (तटबंदीची जागा) म्हणजे हे गाव. जुन्या दप्तरात 'हापेसबुर्क' लिहिलंय. पुढं लिहिणारे बदलले तशी अक्षरं बदलली. बोलणाऱ्यांच्या तोंडी नाव झिजत गेलं. समोरच्या समुद्रात वाळूचा दांडा आहे, त्याचं नाव हेच, पण नकाशात स्पेलिंग निराळं.

"आणि हेपचा तट कुटं हाय?" मी विचारलं.

त्यानं पाण्याकडं बोट केलं. "कुणास ठाऊक. गेला असंल तिकडं."

रस्ता अचानक संपला. पुढं लोखंडी अडसर, त्यापलीकडं डांबराचा तुकडा हवेत लोंबत होता. खाली मातकट लाटा. वारा असा, की बोलणं तोंडातच राहत होतं.

घरात अर्धं सामान खोक्यांत भरलेलं. वाटाण्याच्या सूपमध्ये दादानं भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला. मी विषय काढला. "चल की घरी. खोली रिकामीच हाय."

सकाळी तो मला चर्चमागच्या दफनभूमीत घेऊन गेला. जीनवहिनींच्या दगडावरची ओली पानं त्यानं हातानं बाजूला केली.

"गावात वरच्या अंगाला खोली बघितलीय," तो म्हणाला. "हिला टाकून कसा येऊ?"

"दादा, समुद्र हितंबी येणार म्हणतात."

"व्हय, येईल की. तवर मी हाय."

आम्ही तिथंच पावसात भिजत उभे राहिलो.

मी एकटीच परतले. सोलापूरचं कोरडं ऊन अंगावर आलं, तरी आठवडाभर कानात तो वारा होता. घरचे विचारत राहिले, दादा का नाही आला? घर पाडल्याचं त्यानं फोनवर सांगितलं, आवाज न बदलता. आता मी त्याला 'कधी येतोस' असं विचारत नाही. पाणी चर्चपासून किती लांब आहे, तेवढंच विचारते.