खालच्या आवाजातला प्रवास

दुबईच्या विमानतळावर सकाळी सहाला मी रेवाला कडेवर घेऊन रांगेत उभी होते आणि मला काळजी एकाच गोष्टीची होती, की ही विमानात रडली तर काय? आता हे लिहितानाही लाज वाटते. तिकडे गावी, पावसला, माझे वडील, आण्णा, अंथरुणाला खिळले होते. भावाचा, संतोषचा, आदल्या दिवशी फोन आला होता, "ताई, डॉक्टर म्हणालेत, येऊन जा. थांबू नको."

आण्णांना नातीला मांडीवर घ्यायचं होतं. काचबिंदूनं त्यांची नजर कधीच गेली होती, त्यामुळे पाच महिन्यांच्या रेवाचे फोटो, व्हिडिओ त्यांना काही उपयोगाचे नव्हते. निदान तिचा आवाज तरी ऐकव म्हणायचे. आणि ही बया, एरवी घर डोक्यावर घेणारी, फोन कानाशी नेला की नेमकी गप्प. रोज हाच प्रकार. आण्णा हसून विचारायचे, "मुकी हाय काय गो तुझी लेक?"

नवरा बोटीवर होता, म्हणून मी एकटीच निघाले. गोव्याच्या विमानात साध्या वर्गात एकही जागा उरली नव्हती, म्हणून बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. या वर्गात मी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. मग संध्याकाळभर बॅग भरायची सोडून मी इंटरनेटवर वाचत बसले, की वरच्या वर्गात तान्ह्या बाळाला घेऊन जाणाऱ्यांनी कसं वागावं. डायपर सीटवर बदलू नये. विमान चढता-उतरताना बाळाला पाजावं, म्हणजे कान दुखत नाहीत आणि ते रडत नाही. शेजाऱ्यांसाठी छोटी पाकिटं न्यावीत, त्यात कानात घालायचे बोळे आणि माफीची चिठ्ठी ठेवावी. मी सहा पाकिटं केली. चिठ्ठीवर लिहिलं, "मी रेवा, पाच महिन्यांची. रडले तर माफ करा." आणि प्रत्येकात आंबापोळीचा एकेक तुकडा घातला. पोळी आण्णांनीच पाठवली होती.

खरं तर आमच्या घरात हळू बोलणं कुणाला ठाऊकच नव्हतं. पावसला आमची वाडी उतारावर आहे, दोन घरांच्या मध्ये कलमांची बाग. शेजाऱ्याला हाक मारायची तर सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर) ऐकू जाईल अशीच मारावी लागते. लग्नानंतर परदेशात आले आणि खालच्या आवाजात बोलायला शिकले. त्याचा मला फार अभिमान होता.

विमानात शिरले. सीट म्हणजे आमच्या ओटीएवढी ऐसपैस. पलीकडे एक वयस्क गृहस्थ लॅपटॉप उघडून बसले होते. त्यांना पाकीट दिलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून रेवाकडे पाहिलं आणि नुसतीच मान हलवली.

तेवढ्यात फोन वाजला. संतोष होता. "आण्णांना बोलायचंय."

"बसलीस काय गो विमानात?" आण्णांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "थांब. गाऱ्हाणं घालतो."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं घातलेली साद. वाडीतलं कुणी मुंबईला निघो, बोटीवर निघो की नवी दुचाकी घेऊन येवो, गाऱ्हाणं आण्णांनीच घालायचं. ते एकेक मागणं मागतात आणि थांबतात. जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं, मगच पुढचं मागणं. उत्तर आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. लहानपणी मी सगळ्यांत जोरात ओरडायची.

"बा देवा महाराजा," आण्णांनी सुरुवात केली, "आज तुझं लेकरू, पोटाशी तान्हं घेऊन, दर्या ओलांडून घराकडं येतंय. त्यांच्या वाटेतलं काय वाकडं असंल ते दूर कर आणि दोघींना सांभाळून दारात आण, रे महाराजा!"

आणि ते थांबले.

नेमक्या त्याच क्षणी रेवानं ओठ काढला, आणि पहिला सूर फुटायच्या आत मी घाईघाईनं फोन म्यूट केला. पाच महिन्यांत फोनवर हूं का चूं न करणारी माझी लेक बेंबीच्या देठापासून रडायला लागली. पुढच्या दोन माना वळल्या. शेजारच्या गृहस्थांचे हात लॅपटॉपवर थांबले. मी रेवाला छातीशी दाबून धरलं. "शू, शू, लोक बघतायत."

फोनमधून आण्णा विचारत होते, "आयकतेस ना गो, बाय?" थोडं थांबून पुन्हा, "बाय?"

हवाईसुंदरी वाकून हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, फोन बंद करता का? आपण निघतोय." मी मान डोलावली आणि फोन बंद केला. म्यूट काढून एक शब्द बोलायला किती वेळ लागला असता? पण चारचौघांत, त्या शांत, गुळगुळीत जागेत "व्हय महाराजा" म्हणायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, संध्याकाळी त्यांच्या पायाशीच बसणार आहे, तेव्हा म्हणेन.

पुढचे तीन तास दृष्ट लागण्यासारखे गेले. रेवा दूध पिऊन झोपली. मला काचेच्या वाडग्यात फळं आली, गरम पाव आला, कापडी रुमाल आला. खाली समुद्र चकाकत होता. विमान उतरतानाही तिला पाजलं, ती रडली नाही. शेजारच्या गृहस्थांनी बोळे न वापरता परत केले आणि पहिल्यांदाच हसून हिंदीत म्हणाले, "इतकं शहाणं बाळ मी विमानात पाहिलं नाही. आणि आंबापोळी फार छान होती." मी खूश झाले. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखी खूश झाले.

गोव्यात, मोपाच्या विमानतळावर, फोन सुरू केला, तर संतोषचे अकरा कॉल येऊन गेले होते. मला कळलं. तरी फोन लावला.

"ताई, आण्णा गेले गो," एवढंच तो म्हणाला.

बाहेर राजापूरचे दिलावरभाई गाडी घेऊन आले होते. संतोषनंच त्यांना पाठवलं होतं आणि बातमी त्यांना आधीच कळली होती. त्यांनी बॅग उचलली. सावंतवाडी गेली, कुडाळ गेलं. मी खिडकीतून बघत होते आणि मला काहीच दिसत नव्हतं. कणकवलीच्या पुढे त्यांनी एका खानावळीशी गाडी थांबवली आणि पेज (पातळ भात) आणि लोणच्याची फोड घेऊन आले. "चार घोट घ्या, बाय. अंगावरचं पोर हाय."

वाटेत रेवा कुरकुरायला लागली. सवयीनं मी तिला दाबलं, "शू, शू."

"रडू द्या हो तिला," दिलावरभाई आरशात बघत म्हणाले. "माझ्या गाडीत कोण झोपलाय?"

तेव्हा मी रडले. राजापूरपर्यंत आम्ही दोघी रडत होतो आणि ते गाडी चालवत होते.

राजापूरहून आम्ही किनाऱ्याच्या रस्त्यानं निघालो. पूर्णगडच्या पुलावर खाडीचा वास आला. आण्णा म्हणायचे, पुलावर आलं की घरी आल्यासारखं वाटतं. दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. सगळी वाडी माझ्यासाठी अंगणात थांबली होती आणि कधी नव्हे ती गप्प होती. मी रेवाचा हात आण्णांच्या हातावर ठेवला. ती झोपलेली होती. या घरात आली तेव्हासुद्धा तिनं आवाज केला नाही.

आण्णांचं शेवटचं बोलणं संतोषनं मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. "तुझं उत्तर आलं नाय, तर मला म्हणाले, 'फोन तुटला वाटतं रे. परत लाव.' मी लावला, तो बंद. मग म्हणाले, 'ऱ्हाऊ दे. आली की परत घालीन. पोरगी पण आयकंल.' आणि कुशीवर वळले. तासाभरानं मी चहा घेऊन गेलो..."

त्याला माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं, की फोन तुटला नव्हता. रेवा रडत होती, आण्णांना हवी होती तशी, खणखणीत, आणि मी ते बटण दाबून बंद केलं. संतोषनं चुलीतली राख काडीनं उकरली. मग म्हणाला, "आईला सांगू नको."

पण मी आईलाही सांगितलं. तिनं रेवाला माझ्याकडून घेतलं आणि बागेत फिरवून आणलं.

सुतकात देवाचं काही करता येत नाही. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी परत निघाले. दारात शेजारच्या गोविंदकाकांनी गाऱ्हाणं घातलं. त्यांना ते आण्णांसारखं जमत नाही, दोनदा अडखळले. वाडीनं "व्हय महाराजा" असा आवाज उठवला, आणि एवढ्या आवाजानं दचकून रेवानं टाहो फोडला. माझा हात आपोआप तिच्या तोंडाकडे गेला. आईनं तो धरला. "तिला गप करू नको गो," ती म्हणाली. "आता तरी नको."

परतीचं तिकीट साध्या वर्गाचं होतं. पाकिटं केली नाहीत. मधल्या सीटवर मी, एका बाजूला कामावर परत निघालेला सुतार, दुसऱ्या बाजूला एक आजीबाई. विमान धावायला लागलं आणि रेवा रडायला लागली. आजीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माफी मागायचे शब्द ओठांवर आले होते, ते मी गिळले.

त्या सकाळी आण्णा थांबले होते, ती जागा माझ्या कानात अजून रिकामी होती. "दोघींना सांभाळून दारात आण, रे महाराजा." आणलं होतं. दोघींनाही दारात आणलं होतं.

"व्हय महाराजा!" मी म्हणाले. मोठ्यानं. सड्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

सुतार दचकला. आजीबाईंनी विचारलं, "काय झालं, बाळा?"

"वडिलांना उत्तर द्यायचं राहिलं होतं," मी म्हटलं.

रेवा रडतच होती. खाली किनारा मागे पडला तरी रडत होती, आणि मी तिला गप्प केलं नाही.