बाबांना वाचून दाखवताना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या भावालाही नाही. आज तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

आमचे बाबा वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची वहीत नोंद करायचे. नाव, लेखक आणि खाली दोन ओळींत मत. मत कसलं, निकालच! ‘भाषा बरी, नायक बावळट.’ ‘निम्मं कापलं असतं तर बरं झालं असतं.’ नियम मात्र कडक — शेवटचं पान वाचल्याशिवाय मत लिहायचं नाही. अर्धवट वाचून नावं ठेवणाऱ्यांचा त्यांना भारी राग.

मग काचबिंदूने त्यांची नजर गेली. आई आधीच गेलेली, दादा ठाण्याला. डोंबिवलीच्या घरात आम्ही दोघंच. मी मानपाड्याच्या कंपनीतून आले की चहा आणि मग वाचन. मी वाचायचे, ते ऐकायचे. पुस्तक संपलं की ते मत सांगायचे आणि मी वहीत लिहायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, “बापाचे डोळे झालीस गं पोरी!” मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

आणि मी पानं गाळायचे.

आधी नुसती वर्णनं. डोंगर, नदी — कुणाचं काय अडतं? मग अख्खं प्रकरणच. दमलेली असायचे, हे खरं. दमलेली नसतानाही गाळायचे, हेही खरं. ‘लेखकाने शेवट उरकला आहे,’ असं बाबा सांगायचे आणि मी निमूट लिहून घ्यायचे. शेवट मी उरकलेला असायचा.

इथवरचं कदाचित कधीतरी बोलून टाकलं असतं. पण पुढचं — एकदा कादंबरी ऐकताना ते मध्येच म्हणाले, “थांब गं. हा धाकटा भाऊ कुठून आला?” भाऊ गाळलेल्या पानांत आला होता. चुकलं बाबा, मागे जाऊया — एवढंच म्हणायचं होतं ना? मी म्हणाले, “असं काय करता? परवाच नाही का वाचलं? विसरलात तुम्ही.”

“असेल,” ते म्हणाले.

इतकं सोपं गेलं ते, की पुढे दर वेळी मी तेच केलं. बाबा सकाळी भिजवलेले बदाम मागायला लागले — स्मरणशक्तीसाठी. ते मीच भिजत घालायचे, सोलूनही द्यायचे. दुपारी एकटेच पाढे म्हणून बघायचे. सुट्टीच्या दिवशी मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. एकोणतीसचा पाढा कुठेही न अडखळता म्हणायचे — आणि तरी स्वतःच्या डोक्यापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवायचे.

एक दिवस पुस्तक निम्म्यावर असताना त्यांनी मला थांबवलं. वही घ्यायला लावली. “लिही — पुस्तक चांगलं असावं. मला आता गोष्ट धरून ठेवता येत नाही. वाचन बंद.”

तेव्हाही सांगता आलं असतं. पेन हातात होतं. मी लिहिलं, चांगल्या अक्षरात.

त्यानंतर ते काही वर्षं जगले. संध्याकाळी गॅलरीत बसून राहायचे, मी आत मोबाईल बघत बसायचे. मत म्हणून त्यांनी पुन्हा कशावरच दिलं नाही. आमटीभाताचा घास घेऊन थांबायचे आणि हळूच विचारायचे, “मीठ कमी आहे का गं? की मलाच वाटतंय?”

मीठ कमीच असायचं.