शेजारची बकरी

माझी बदली मोताळ्याला झाली तेव्हा मुलगी तिसरीत होती. नवरा खामगावला तेलाच्या मिलमध्ये, रविवारीच यायचा. उरलो आम्ही दोघी. कचेरीतून घरी आले की मी विचारायचे, "शाळेत काय झालं?"

"काहीच नाही."

एवढंच. मग पोळीचा तुकडा घेऊन ती शेजारी पळायची. शेजारच्या चाची बाजारात बांगड्या विकायच्या. त्यांच्या अंगणात एक काळी बकरी बांधलेली असे. तिच्यापाशी बसून माझी पोर दिवेलागणीपर्यंत बोलायची. चाची कौतुकानं म्हणायच्या, "बहुत बातां करते जी तुमची पोरगी!" मी वरवर हसायचे, पण आतून जळायचे. पोटात वाढवलं मी, आणि मनातलं ऐकायचं त्या बकरीनं?

एका संध्याकाळी वाळलेले कपडे काढत होते. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "आजबी मले कोणी खेळायले नाही घेतलं. टाकीपाशी एकटीच बसून डबा खाल्ला म्या."

कपडे तारेवरच राहिले.

जेवताना राहवलं नाही. "बकरीले सांगते, मंग मले काऊन नाही सांगत?"

ती भात चिवडत राहिली. मग म्हणाली, "तुले सांगतलं का तू रडते. मंग मलेच तुले समजवा लागते."

तेव्हाही माझे डोळे भरलेलेच होते. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर शेजारी गेले. चाचींनी बसायला बाज टाकली. पोरीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बकरीच्या कानाशी लागून सांगू लागली. मी काही विचारलं नाही. तिचे ते सगळे शब्द बकरीसाठी होते, माझ्या फक्त कानावर पडत होते. तरी मी रोज जात राहिले.

थंडीत बकरी व्याली, दोन पिल्लं झाली. पोरीनं वर्गात सांगितलं तशा दोन मुली बघायला आल्या. दुसऱ्या दिवशी आणखी आल्या. पिल्लू आधी कोणाच्या मांडीवर, यावरून भांडणं झाली. हळूहळू डबेही एकत्र उघडू लागले.

आता त्या साऱ्या आमच्या ओट्यावर बसतात. मी मुरमुऱ्यांचं ताट घेऊन गेले की कुजबूज थांबते.

"आई, तू आत जाय ना!"

मी ताट ठेवते आणि आत जाते. जळते अजूनही.