मिस्त्रींच्या नावापुढचा आकडा

ब्रिज मी शिकलो ते पिंपरीतल्या आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, फर्स्ट शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत. दहा मिनिटांत डबा संपवायचा आणि उरलेल्या वीस मिनिटांत तीन डाव बसवायचे. खिडकीजवळच्या स्टीलच्या टेबलावर चौघं ठरलेले असत आणि त्यांतले प्रमुख म्हणजे टूलरूमचे मिस्त्री. चाकणकडच्या एका गावातल्या जुन्या मुसलमान घरातले, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. बोलणं अस्सल गावाकडचं. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांकडून त्यांनी हा खेळ उचलला होता.

पहिले तीन महिने मी नुसता त्यांच्या पाठीमागे उभा राहायचो. बसू का, असं एकदा विचारलं तेव्हा त्यांनी मान न वळवता सांगितलं, "अजून बघ राव. घाई न्हाई." एके दिवशी चौथा गडी रजेवर गेला आणि मिस्त्रींनी समोरची खुर्ची पायानं पुढे सरकवली. त्या दिवसापासून मी त्यांचा जोडीदार. ब्रिजमध्ये जोडीदार समोर बसतो. आपल्या हातात काय आहे ते बोलीतून त्याला सुचवायचं आणि त्यानं ते ओळखायचं. माझी बोली चुकली की मिस्त्री काही म्हणत नसत. भोंगा झाल्यावर मशीन शॉपकडे परत जाताना मात्र पत्ता न् पत्ता आठवून सांगत, "तिथं बदाम बोलायचं व्हतं तुला." तेवीस वर्षं आम्ही असे खेळलो.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे दिघीला गेले, मी संत तुकाराम नगरातच राहिलो. कंपनी चाकणला हलली आणि जुन्या जागेवर उंच इमारती उभ्या राहिल्या. लॉकडाऊनमध्ये हिंजवडीत काम करणारी माझी मुलगी घरी होती. तिनं मला टॅबवर ब्रिजची एक साइट काढून दिली. मी मिस्त्रींना फोन केला, त्यांच्या सुनेनं त्यांच्या टॅबवर तीच साइट टाकली आणि सकाळी दहा वाजता आम्ही पुन्हा समोरासमोर बसलो. डाव चालू असताना फोन करायचा नाही, हा मिस्त्रींचा नियम होता. डाव संपले की मग तासभर बोलणं.

त्या साइटवर प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा असायचा. जिंकलात की वर, हरलात की खाली. सुरुवातीला मला त्याची मजा वाटली. दुपारी अनोळखी लोकांबरोबर खेळून मी तो चांगला वर नेला होता. सकाळी मिस्त्रींबरोबर खेळलो की तो घसरायचा. त्यांच्या खेळाला काहीतरी झालं होतं. हातात पाच इस्पिकं असताना ते किलवर बोलायचे. भलताच पत्ता टाकायचे. वय झालं, असं मी मनाशी म्हटलं आणि त्यांना काहीच बोललो नाही. उलट फोनवर म्हणायचो, "आज पत्तेच वाईट आले, मिस्त्री."

त्यांचा आकडा इतका खाली गेला की विरुद्ध बाजूची जोडी तो बघून उठून जाऊ लागली. एकानं तर चॅटमध्ये मला लिहिलंही, "असा जोडीदार घेऊन बसता कशाला?" मी त्याला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना निरोप धाडला, "आज नेट नाही." त्याच्या पुढच्या दिवशीही तोच. आणि त्याच वेळेला मी एका अनोळखी, वरच्या आकड्याच्या माणसाबरोबर खेळत बसलो.

चौथ्या की पाचव्या दिवशी अशाच एका डावात माझी नजर टेबलाशेजारच्या यादीकडे गेली. डाव बघायला आलेल्यांची नावं तिथं दिसतात. त्यात एकच नाव होतं, मिस्त्रींचं. टॅब बंद करावा असं वाटलं, पण डाव अर्ध्यात सोडणं त्यांना कधीच खपलं नसतं. मी शेवटच्या पत्त्यापर्यंत खेळलो. तेही शेवटच्या पत्त्यापर्यंत थांबले.

लगेच फोन आला.

"चांगला खेळलास. फकस्त बदामचा राजा आधी काढायचा व्हता."

"मिस्त्री, तो आकडा..."

"आकडा माझा हाय. मला त्याची लाज न्हाई, मग तुला का?"

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी मास्क लावून, पास दाखवत स्कूटरवरून दिघीला गेलो. जाण्याआधी साइटवाल्यांना एक लांबलचक पत्र लिहून ठेवलं होतं: हे आकडे काढून टाका, यांच्यामुळे जुनी माणसं तुटतात, कॅन्टीनमध्ये आमचं असलं काही नव्हतं. माफी मागण्याऐवजी मी ते पत्रच त्यांना वाचून दाखवलं. दोघं अंगणात लांब लांब खुर्च्या टाकून बसलो होतो.

"नव्हतं कसं?" मिस्त्री म्हणाले. "तुला तीन महिने हुबा ठेवला व्हता, तो काय आकडा न्हवता? लिहिला न्हवता एवढंच." मग म्हणाले, "हे पत्र धाडू नको. ह्या आकड्यामुळंच मी डाक्टरकडं गेलो. रोज खाली, रोज खाली. म्हटलं, एवढा तर मी बिघडलो न्हाई. सुनंला घेऊन गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. इस्पिक आन् किलवर सारखंच दिसत व्हतं मला."

मी पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

"तू रोज समोर बसत व्हतास. चुकीचा पत्ता पडला की कॅन्टीनमधनं शॉपपातूर मी तुला बोलायचो. तू एकदा तरी बोलायचं राव."

त्यांचा आवाज चढला नव्हता. सून चहा घेऊन आली आणि त्यांनी विषय तिथंच सोडला. मी माफी मागितली ती निघताना, स्कूटर चालू केल्यावर. त्यांना ती ऐकू गेली की नाही, मला अजून माहीत नाही.

पुढे त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. मी साइटवाल्यांना पत्र पाठवलं, पण दोन ओळींचंच: आकडा ठेवा, मात्र ज्याचा त्यालाच दिसू द्या. उत्तर आलं नाही. माझं मत अजूनही तेच आहे, आणि मिस्त्रींचं अजूनही उलट आहे. लपवायचा तर मोजायचा कशाला, असं ते म्हणतात. आता आम्ही डाव संपल्यावर फोनवर एकमेकांच्या चुका काढतो, आणि त्यांच्या चुका काढताना मी हातचं राखत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा आकडा माझ्यापुढे गेला. फोनवर त्यांनी आधी तेच सांगितलं, मग तब्येत विचारली.